आशाताईंची पोरगी बारावी झाली, आता पुढं काय शिकवावं?

धानोऱ्याचा_मास्तर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

माझी शाळा गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. चार वर्ग, दोन मास्तर. आमच्या गावच्या आशाताईंची, म्हणजे गावातल्या आरोग्याच्या 'आशा' स्वयंसेविकेची, मुलगी यंदा बारावी विज्ञान पास झाली, ६१ टक्के. क्लास न लावता डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दिली होती, जमली नाही. परवा आशाताई शाळेत आल्या. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, इले आता का शिकवू?"

घरात तीन मतं आहेत. बाप म्हणतो डीएमएलटी कर, धानोऱ्याला लॅब टाकू. मामा म्हणतो डी.एड. कर. (मी मामाला बाजूला घेऊन शिक्षक भरतीची सद्यस्थिती समजावून सांगितली. आता तो गप्प आहे.) पोरगी म्हणते नर्स व्हायचं आणि इकडंच राहायचं. "इकडंच" हा शब्द ती दोनदा बोलली. धागा त्यासाठीच काढतोय.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर. मधला नाला भरला की ते १४ चे ४० होतात. सहा वर्षांत तिथं सात डॉक्टर आलेले पाहिले. शेवटचे मनापासून चांगले होते, रात्रीसुद्धा उठायचे. त्यांचा पीजीला नंबर लागला, त्यांनी केंद्रात पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. कौतुक करावं की रडावं, कळेना.

तर प्रश्न दोन. पहिला साधा: नर्सचा कोणता कोर्स, एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? दुसरा माझ्या डोक्यातला: आमच्यासारख्या गावात टिकून राहील असा आरोग्याचा माणूस बनतो तरी कसा? बाहेरून आणावा लागतो की इथंच घडवावा लागतो?

---

पुण्यातला_वऱ्हाडी

सर, आता टेलिमेडिसिनचा जमाना आहे. प्रत्येक गावात एक टॅब, एक मशीन, तज्ज्ञ बसलेला नागपुरात. डॉक्टरनं गावात राहायची गरजच काय? मी याच क्षेत्रात सॉफ्टवेअर करतो, हवं तर डेमो दाखवतो.

---

खर्रा_सोडलेला_सीएचओ

भाऊ, डेमो नक्की दाखवा, पण आमच्या उपकेंद्रात येऊन दाखवा. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी टेलिमेडिसिनवर, डॉक्टर जोडायचा तर मी पेशंटला घेऊन पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर उभा राहतो. तिथं दोन काड्या रेंज मिळते. म्हातारी म्हणते, "मले गुडघे दुखतेत अन् तू मले जिना चढवून रायला."

थट्टा सोडा, त्याचा उपयोग होतो. बीपीच्या गोळ्या बदलायच्या, त्वचेचा फोटो दाखवायचा, तेवढ्याला छान आहे. पण स्क्रीनवरचा डॉक्टर अडलेली बाई सोडवत नाही, साप चावलेल्याला सलाईन लावत नाही. इकडं कोणाचे तरी हात लागतातच. मास्तरांचा प्रश्न त्या हातांचा आहे.

मी बीएएमएस, यवतमाळ जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ नंतर उपकेंद्रांची 'आरोग्यवर्धिनी' झाली, मग पाटी बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. पाटी रंगवणारा आमच्या आधी पोचतो. सहा महिन्यांचा कोर्स करून आम्हाला तिथं बसवलं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर बघा, खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्यांची तोंडं तपासा, गरोदर बाया, लेकरं, लसीकरण. काम मला मनापासून आवडतं. खर्रा खाणाऱ्याला तोंड उघड म्हटलं तर आधी थुंकायला बाहेर जातो, तेवढ्यात पळून जातो.

पगार २५ हजार, वर कामगिरीवर १५ हजारांपर्यंत. कामगिरी म्हणजे पोर्टलवर भरलेले आकडे. महिनाअखेर मी पेशंट बघतो की मोबाईल, हे मलाच कळत नाही. आणि नोकरी कंत्राटी. दर वर्षी नूतनीकरणाची ऑर्डर येईस्तोवर सासरे फोन करून विचारतात, "आली का हो ऑर्डर?"

---

घाट_उतरलेला

मास्तर, तुमच्या सातांतला एक मी असू शकलो असतो. तुमच्या तालुक्यात नव्हतो, मेळघाटात होतो.

आमच्या वेळी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष बंधपत्रित सेवा (बाँड), म्हणजे सरकार पाठवेल तिथं नोकरी, नाहीतर १० लाख भरा. माझ्या बापाकडं दहा लाख नव्हते, तेव्हा सेवा. धारणीकडचं एक केंद्र मिळालं. पहिल्याच रात्री कोरकू बाई बाळंतपणाला आली. इंटर्नशिपमध्ये मी बाळंतपणं पाहिली होती, पण तीन रेसिडेंटांच्या खांद्यांवरून. सिस्टरनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही फक्त टॉर्च धरा." मी टॉर्च धरला. बाळ रडलं, वार पडली, सगळं आटोपलं. मग ती म्हणाली, "आता इथं सही करा."

सहा महिन्यांत तिनं मला बाळंतपण शिकवलं. पुस्तकात होतं, पण हातात नव्हतं. कोरकू मला येत नव्हती; कुठं दुखतं एवढं विचारायलाही शिपाई लागायचा. तो शिपाई नसला की मी पशुवैद्य.

लोकांना वाटतं डॉक्टर पाण्यासाठी, विजेसाठी, पगारासाठी पळतात. क्वार्टरला पाणी नव्हतं हे खरं, पण पाण्यावाचून मी राहिलो असतो. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी होती, म्हणजे बाराही महिने चोवीस तास मी एकटा. विचारायला कोणी नाही. एका रात्री दोन किलोसुद्धा नसलेलं बाळ आलं, अंग गार पडलेलं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन घाट उतरलेली. पहाटे बाळ गेलं. आठवड्यानं वरून खुलासा मागणारं पत्र आलं, माझ्या नावानं. रिकाम्या जागेला कोणी खुलासा मागितला नाही.

वर्ष संपलं त्या दिवशी बॅग भरली. आज नागपुरात भूल देतो.

मी का थांबलो असतो, तेही सांगतो. दोन डॉक्टर एकत्र पाठवा, एकटा कधीच नको. रात्री दोन वाजता फोन उचलणारा एक सीनियर द्या. आणि इथून कधी सुटणार ती तारीख लेखी द्या. सेवेतल्या डॉक्टरांना दुर्गम भागातल्या दर वर्षाला पीजी प्रवेशात १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के जादा गुण मिळण्याचा नियम होता. त्याच्या आशेनं माझे काही मित्र तीन-तीन वर्षं थांबले. बाहेर पडायचं दार दिसत असलं की माणूस आत निवांत बसतो.

---

बोंडअळी_ग्रस्त

डॉक्टरसाहेब, तुमचं दुःख वाचलं. पन आमचं ऐका. तुमाले घाट उतरता आला, आमाले नाई येत. सक्ती करा म्हन्तो मी. सरकारच्या पैशानं शिकता ना? मंग पाच वर्षं खेड्यात. दहा लाख तर आता पोट्टे हसत हसत भरून रायले.

---

सेवाग्रामची_माजी

सक्तीनं माणूस येतो, मन येत नाही. मी हे गांधीवादी म्हणून बोलत नाही, पाहिलेलं बोलतेय: बाँडचा डॉक्टर वर्षभर बदलीचे अर्ज लिहितो.

मी सेवाग्रामच्या कॉलेजची. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुशीला नायर यांनी ते काढलं, देशातलं खेड्यातलं पहिलं मेडिकल कॉलेज म्हणून. पहिल्या वर्षाला आश्रमात शिबिर, पहाटे प्रार्थना, संडास साफ करणं, खादी. मग प्रत्येक बॅचला एक गाव. तिथं पंधरा दिवस मुक्काम आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं, पुढची काही वर्षं त्यांच्याकडं जायचं. माझ्या वाट्याच्या घरातली आजी मला "डाक्टरीन" म्हणायची. तेव्हा मला फक्त हाडांची नावं यायची. आमच्या वेळी तिथं पीजी करायची तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात काम केलेलं असावं लागे.

आता खरं बोलते. माझ्या बॅचमधले बरेच जण आज शहरात आहेत किंवा परदेशात. पंधरा दिवसांच्या शिबिरानं कोणी खेड्यात राहत नाही. पण जे राहिले, त्यांना कधीतरी कोणाचं तरी घर आतून दिसलेलं होतं. आणि दुसरं, सोबत होती. मेळघाटात बैरागडला डॉक्टर कोल्हे दांपत्य राहिलं, हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे राहिले, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग राहिले. नावं वाचा, जोड्या आहेत. मुख्य म्हणजे दोघांनाही तिथंच काम होतं. सरकारी ऑर्डर निघते ती एकाच्या नावानं. बायको चंद्रपुरात शिक्षिका, नवरा भामरागडात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आणि त्या पुराच्या दोन काठांवर संसार.

आता मास्तरांना विचारते. ही पोरगी तर जन्मानंच त्या घरातली आहे. भाषा येते, नाला कधी उतरतो ते माहीत आहे, पुजाऱ्याशी, म्हणजे गावच्या भगताशी, कसं बोलायचं ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये डॉक्टर-नर्स दुर्गम भागात टिकवण्याबद्दल शिफारशी काढल्या, त्यात पहिल्याच मुद्द्यांत हे आहे: खेड्यातली मुलं निवडा, खेड्याजवळ शिकवा. गडचिरोलीला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, १०० जागांचं. त्यात धानोरा-एटापल्लीची किती मुलं बसतील, त्यावर बरंच काही ठरेल.

---

पुण्यातला_वऱ्हाडी

नीटच्या क्लासची फी कोण भरणार, तेही ठरवा मग. माझ्या सॉफ्टवेअरला हसलात म्हणून म्हणतो.

---

सायकलवाली_सिस्टर

मी निवृत्त एएनएम, भंडारा-गोंदियाकडची. बत्तीस वर्षं नोकरी, अकरा बदल्या. नातवानं टाईप करून दिलं आहे, चुका त्याच्या.

घाट उतरलेल्या डॉक्टरसाहेबांना सांगते, तुमच्या सिस्टरला एकदा फोन करा. तिला अजून तुमचं नाव आठवत असेल. मी बारा-तेरा डॉक्टरांना टॉर्च धरायला लावला आहे. एकजण आज मोठा सर्जन आहे, मला ओळख देतो.

मास्तर, मुलीला एएनएम करू नका, करायचंच तर जीएनएम किंवा बीएस्सी करा. एएनएम दोन वर्षांत होतं, लवकर कामाला लागते, हे खरं. पण पुढं काय? मी एएनएम म्हणून लागले आणि पदोन्नती होऊन एलएचव्ही (एएनएमवरची पर्यवेक्षिका) झाले तेव्हा केस पिकले होते. आमच्या खात्यात वर जायची शिडी नाही, दोरी आहे, ज्याच्या हाताला लागेल तो चढतो. जीएनएम तीन वर्षं, त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सी. म्हणजे पोरगी नोकरी करता करताही वर जाऊ शकते.

आणि आशेच्या पोरीनं नर्स व्हावं, हे फार चांगलं. पण माझा एक प्रश्न, आशेनं स्वतः नर्स का होऊ नये? माझ्या हाताखालच्या आशा दहावी-बारावी झालेल्या होत्या. पंधरा वर्षं बाळंतिणी पाहिलेल्या बाईला जीएनएमच्या जागेत थोडं झुकतं माप द्यायला काय हरकत आहे? वयाची अट आडवी येते म्हणे. बाळंतपणाला वय विचारत नाहीत.

---

आशा_धानोरा

नमस्कार. मी तीच आशा. मुलीनं हा धागा दाखवला. आधी मास्तरांवर रागावले, मग वाचलं.

माझं काम सांगते. बाळ झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरीच बाळंत झाली तर पहिल्या दिवशीपण. झोळीच्या काट्यानं वजन, काखेत थर्मामीटर, एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त झाले की धोका. सहा भेटींचे २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे बेचाळीसही होत नाहीत. माझ्या एका पाड्याला जायला दोन तास लागतात. पैसे कधी तिसऱ्या महिन्यात येतात.

आम्ही संप केला होता २०२३ आणि २४ मध्ये, आझाद मैदानात झोपलो. मी पहिल्यांदा मुंबई पाहिली ती संपात. मग मार्च २०२४ मध्ये राज्यानं मानधन पाच हजारांनी वाढवलं. बरं झालं. पण आम्हाला अजून "स्वयंसेविका" म्हणतात. मुलगी म्हणाली, आई, तू नोकरी करते की सेवा? मी म्हटलं, सेवा केली की जेवायला मिळत नाही अन् नोकरी म्हटलं की शासन रागावते.

मुलीला मी लहानपणापासून भेटीला सोबत नेलं. श्वास मोजायचे तिला माझ्याआधी जमले, कारण माझ्याकडं सेकंदकाट्याचं घड्याळ नव्हतं, तिच्या मोबाईलवर होतं.

---

धानोऱ्याचा_मास्तर (धागाकर्ता)

ताई, रागावू नका, धाग्यात नाव कुठं घातलं नाही.

ताई करतात त्या बाळाच्या घरभेटी आमच्याच भागातून सुरू झाल्या, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राम धानोरा तालुक्यातच आहे. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत बाया तयार केल्या, शाळा थोडीफार शिकलेल्या. त्या घरोघर बाळ तपासायच्या, ऊब द्यायच्या, आणि जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायच्या. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये देशभर आशांच्या कामात घेतलं गेलं. पण घेताना भेटी घेतल्या, वजनकाटा घेतला, इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं नाही. सातवी शिकलेल्या बायांनी जे करून दाखवलं, ते दहावी झालेल्या आशेला शिकवायला आपण का बिचकतो, हे मला कळत नाही.

माझी आई त्या तुलनेच्या गावांतली. एवढंच सांगतो.

---

बोंडअळी_ग्रस्त

मास्तर, सात शिकली बाई सुई देते हे ठीक. पन एक बोचते. शहराले एमडी, एमएस, अन् आमाले सहा महिन्यांवाला, सात शिकलेली, आशा. गरिबाले गरीब डॉक्टर. हे असंच चालवायचं का?

---

देवरीचा_वाटसरू

भाऊंचा मुद्दा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. माझी किराण्याची गाडी छत्तीसगडात फिरते, सासुरवाडीही तिकडं.

छत्तीसगडनं २००१ मध्ये तीन वर्षांचा डॉक्टरी कोर्स काढला होता. बराच गदारोळ झाला. काही वर्षांत तो बंद पडला, पण जी मुलं शिकून निघाली ती ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक केंद्रांत लागली. त्यांना डॉक्टर म्हणू द्यायचं का, यावर भांडणं चालू राहिली. नंतर तपासणी झाली तेव्हा खेड्यातल्या नेहमीच्या आजारांवर त्यांचं औषधपाणी एमबीबीएसच्या तोडीस तोड निघालं. शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपणं, त्याची गोष्ट वेगळी. ते कोणी त्यांच्याकडं मागितलंच नव्हतं.

आता मला सांगा, तुमच्या गावात आज सुई कोण टोचतो? खरं सांगा. पिशवीवाला ना? त्याच्यामागं कोणता कोर्स आहे, तीन वर्षांचा की तीन दिवसांचा? मला तर वाटतं आपली तुलनाच चुकते. आपण मनातल्या एमडीशी तुलना करतो, आणि दारात उभा असतो झोलाछाप.

---

बोंडअळी_ग्रस्त

हौ, तो पिशवीवाला माझाच साळा आहे. आता काय बोलू.

---

घाट_उतरलेला

😄 तरी भाऊंचं म्हणणं सोडून देऊ नका. कमी शिकलेल्याला पाठवायचं असेल तर मागं जोडणी पक्की हवी: औषधं वेळेवर, रेफर केल्यावर वर घेणारा कोणीतरी, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन चुका दाखवणारा. 'लॅन्सेट'मधल्या त्या प्रयोगात बायांना एकटं सोडलं नव्हतं, डॉक्टर दर पंधरवड्याला गावात जाऊन त्यांचं काम तपासायचे. सरकारनं घेताना बहुतेक वेळा बाई घेतली आणि तो तपासणारा डॉक्टर तिथंच ठेवला.

---

ॲडमिन_तात्या

साळ्याची बातमी पोलिसांत देऊ नये ही विनंती. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

---

कोरचीचा_पोरगा

मास्तर, नोकरीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ताईंच्या पोरीसारखा मीपण आदिवासी, आरोग्यसेवकाच्या भरतीत बसलो होतो.

२०१४ मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली: अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशा जागा स्थानिक आदिवासींसाठी. कागदावर आपल्या धाग्याचंच उत्तर. तिथलाच माणूस, तिथंच नोकरी. मग प्रकरण कोर्टात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत. भरती झाली, यादी लागली, आणि नेमणूक थांबली. आम्ही २०२४ मध्ये आंदोलन केलं, ऑक्टोबरमध्ये आमदार मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारताना तुम्ही टीव्हीवर पाहिलेच असतील. मग मानधनावर घेतलं. मी आता कामावर आहे, पण कायम नाही.

तुम्ही म्हणता इथलाच माणूस टिकतो. टिकतो, सर. पण टिकणाऱ्याला कायम करत नाहीत आणि कायम असलेला टिकत नाही.

ताईंच्या पोरीला एक सांगा. जातवैधतेचं काम आजच सुरू करा, प्रवेशाची यादी लागायची वाट पाहू नका. गडचिरोलीच्या समितीत १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला नसेल तर दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव सापडणार नाही, मग अधिकार अभिलेख पंजी (जमिनीची जुनी नोंद), कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंद) असं शोधावं लागते. माझे आठ महिने गेले.

---

अमरावतीची_काकू

सगळे भारी बोलले. पण पोरगी लग्न करून गेली की? आशा निवडताना गावची सून बघतात ती उगाच नाही. लेक शिकवली अन् ती वर्ध्याला दिली, तर धानोऱ्याला काय उरलं?

---

सायकलवाली_सिस्टर

काकू, वर्ध्यालाही आजारी माणसं असतात.

बाकी तुमचं खरं आहे. माझे अकरा बदल्यांतले सात वर्षं नवरा एकीकडं, मी एकीकडं. पण हा प्रश्न आपण पोरीलाच विचारतो. सात डॉक्टर गेले, त्यांना कोणी विचारलं, लग्न करून कुठं जाणार?

---

धानोऱ्याचा_मास्तर (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, मधे रोवणीची सुट्टी आणि जनगणनेची कामं.

ठरलं ते असं. बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा अर्ज तिनं भरलाच नव्हता, तेव्हा यंदा ते नाही. जीएनएमचा अर्ज भरला. बापाला लॅबचं दुःख आहे, पण "सरकारी असंन तर ठीक" इथपर्यंत आला आहे. जातवैधतेसाठी ताईंच्या सासऱ्यांचं नाव दाखल-खारीजमध्ये सापडलं नाही. अधिकार अभिलेखात पणज्याचं सापडलं, पण आडनाव वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं आहे. तलाठी म्हणाला शपथपत्र करा.

वसतिगृहासाठी आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात गेलो. जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेतून खोली-जेवणाचे पैसे मिळतात, हे तिथल्या बाबूनं तिसऱ्या फेरीत सांगितलं. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यानं फक्त साहेब मीटिंगला आहेत हे सांगितलं होतं.

पोरीला काकूंचा प्रश्न वाचून दाखवला. ती हसली. म्हणाली, "सर, लग्न करीन तर त्याले इकडं आणीन. डॉक्टर येतात ना, तसा तोपण येईल." मी म्हटलं, डॉक्टर जातातपण. तर म्हणते, "तेच, मी जाऊ नाही द्यायची."

---

आशा_धानोरा

सर, शपथपत्र शंभराच्या स्टॅम्पवर करायचं की पाचशेच्या? सेतूवाला पाचशे म्हणतो.

---

कोरचीचा_पोरगा

ताई, देऊ नका त्याला काही. जातीच्या शपथपत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालते. मी बुधवारी गडचिरोलीला येतोय, मुलीला घेऊन या. पणज्याच्या कागदाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स आणा. डबा आणा, तिथली कँटीन बंद आहे.